हळदीच्या दिवसांतली शाळा

पोरीनं डब्यात चमचा मागितला तेव्हा मी तिची थट्टाच केली होती. "चमच्यानं भाकर कशी खातीस गं? तालुक्याच्या शाळेत गेली नि मडम झाली का काय!" ती कसनुसं हसली आणि चमचा घेऊन गेली. संध्याकाळी डबा उघडला तर भाजी संपलेली आणि भाकरी तशीच्या तशी, कडा वाळून वर आलेल्या. मग रोजच भाकरी परत यायला लागली. मी माझ्या स्वभावाप्रमाणे तोंडसुख घेतलं. इकडं मी सकाळी चुलीपुढं भाजून निघते आणि तुला माझ्या भाकरीची लाज वाटते, असंही म्हणाले. लेकरू डबा मोरीत ठेवून आत निघून गेलं.

मी मूळची हिंगोली शहरातली. वडील कारकून, त्यामुळे लग्नाआधी हळद मला माहीत होती ती मसाल्याच्या डब्यातली. कुरुंद्याजवळच्या या गावात नांदायला आले आणि पहिल्याच वर्षी कळलं की इथं हळद माणसाच्या अंगात मुरते. थंडी ओसरायला लागली की काढणी सुरू होते. ओले कंद उपटायचे, त्यांची हळकुंडं बोटांनी मोडून वेगळी करायची, मग मोठ्या कुकरात शिजवून उन्हात पसरायची, वाळली की चकाकी यायला लोखंडी ढोलात घालून फिरवायची. कंद मोडताना निघणारा रस नखांच्या कडांना आणि तळहाताच्या रेषांत जाऊन बसतो. साबण लावला की तो लालभडक होतो आणि धुतला की पुन्हा पिवळा. पहिल्या वर्षी मी माहेरी गेले तेव्हा आईनं माझे हात बघून डोळ्याला पदर लावला होता. मला मात्र गंमत वाटली होती, कारण आमच्याकडं त्या दिवसांत सगळ्यांचेच हात तसे असतात.

आमच्या मुलीचेही असायचे. सुट्टीच्या दिवशी ती चुलत भावंडांबरोबर हळकुंडं मोडायला बसायची आणि सगळ्यांत भरभर मोडायची. गावातली शाळा सातवीपर्यंतच, तिथं निम्म्या वर्गाचे हात पिवळे, कोण कुणाला काय म्हणणार? आठवीला मात्र ती वसमतच्या शाळेत गेली. जीपमधून जायची, जीपमधून यायची. पहिले सहा-सात महिने बरे गेले. मग हळदीचे दिवस आले, डब्यात चमचा आला, आणि त्याच्या पाठोपाठ अंगात स्वेटर आला. होळी तोंडावर आली होती, माणसं सावली बघून उभी राहत होती, आणि ही बाई बाह्या ओढून बोटांपर्यंत झाकून घेत होती. "काहून गं, ताप आहे का?" मी कपाळाला हात लावून बघितलं. कपाळ घामानं ओलं होतं, ताप नव्हता.

एका रविवारी दुपारी ओसरीवर बसून मी तिची वेणी सोडली. तेल लावायला केसांत बोटं घातली तर बोटांना काहीतरी टोचलं. बघते तर तांदळाचे दाणे, कुंकवात माखलेले. एक, मग अजून एक, मग मानेपाशी चिकटलेले चार-पाच. मी हसत विचारलं, "कुणाच्या लग्नाला गेल्तीस गं शाळा सोडून?"

आणि पोरगी एकदम रडायला लागली. साधंसुधं रडणं नव्हतं ते. बऱ्याच दिवसांचं साठलेलं होतं.

मग सगळं बाहेर आलं. गणित सोडवायला ती फळ्यापाशी गेली, हात वर केला, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हिला हळद लागली!" दुसऱ्या दिवशी ती वर्गात पाऊल टाकतेय तोच तिघीचौघींनी सुरात मंगलाष्टक धरलं. तिचं नावच नवरी पडलं. मधल्या सुट्टीत डबा उघडला की तोच घोळका भोवती यायचा. "नवरीनं उखाणा घेतल्याबिगर जेवायचं न्हाई," असं म्हणून वर्गातल्या कुठल्यातरी पोराचं नाव सुचवायचा. तो पोरगाही तिच्याकडं खाऊ की गिळू असं बघायला लागला. पिवळी बोटं दिसू नयेत म्हणून चमचा, आणि उखाणा नको म्हणून अर्धपोटी उठणं. आणि शनिवारी शाळा सुटताना त्यांनी तिच्यावर घरून आणलेल्या अक्षता टाकल्या होत्या. सगळी पोरं टाळ्या वाजवत होती म्हणे.

माझ्या अंगाची आग आग झाली. मी म्हटलं, उद्याच शाळेत येते आणि एकेकीच्या झिंज्या धरून विचारते. पोरीनं माझा हात घट्ट धरला. "आई, तू आलीस तर मी शाळेत पाऊल टाकणार न्हाई. मंग तर अजूनच म्हणतील, नवरीची आई आली म्हणून." नवरा तिथंच ताडपत्रीच्या घड्या घालत होता. हा माणूस गावात कुणाशी चढ्या आवाजात बोललेला मला आठवत नाही. तो म्हणाला, "ध्यान नको देऊ बाई. बोलून बोलून थकतील." पोरीनं त्याच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. आतून माझी जाऊ आली. ती फार मायाळू बाई. तिनं पोरीचे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि उपाय काढला. "याच्यावर मेंदी काढू. गच्च मेंदी काढली की पिवळं दिसतंय कशाला?"

आम्हा दोघींना तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं. जावेनं तासभर बसून दोन्ही हातांवर मनगटापर्यंत मेंदी काढली. काय रंगली होती! सोमवारी पोरगी स्वेटर न घालता गेली आणि संध्याकाळी जीपमधून उतरली ती सरळ मोरीत जाऊन हात घासायला लागली. आता सांगायला हसू येतं, पण नवरी म्हणून चिडवल्या जाणाऱ्या पोरीच्या हातावर मेंदी काढून तिला शाळेत पाठवायची अक्कल आमच्याच घरात निघू शकते. तिथं सगळ्यांनी विचारलं होतं की वऱ्हाड कधी निघणार.

मग आम्ही दुसरा उपाय केला आणि तो मला त्याहून शहाणपणाचा वाटला. तिनं हळदीला हातच लावायचा नाही. रविवारी सगळी पोरंसोरं खळ्यात हळकुंडं मोडत बसली की तिला मी घरात बसवायचे. अभ्यास कर म्हणायचे, टीव्ही बघ म्हणायचे. ती दाराच्या चौकटीला टेकून बाहेरची गंमत ऐकायची. कुणी हाक मारली की मीच ओरडायचे, "तिला नको बोलवू रे, तिचे हात खराब होतेत." रोज संध्याकाळी लिंबू चोळून तिची नखं घासायचे. नखं हळूहळू पांढरी व्हायला लागली, मला बरं वाटलं. पोरगी मात्र मिटत चालली होती. खायची कमी, बोलायची त्याहून कमी. शाळेतलं चिडवणं थांबलंय का, असं विचारलं की खांदे उडवायची. हात पांढरे झाले तरी नवरी हे नाव काही गेलं नव्हतं.

आणि एके दिवशी सकाळी जीप दारात येऊन हॉर्न वाजवत राहिली, ही गणवेश घालून पलंगावर बसलेली. उठेचना. "मी आजपासून जाणार न्हाई. समजावू नको मला." जीपवाला थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. जाऊ म्हणाली, "राहू दे घरी. लेकरू झुरून चाललंय. शाळा का जिवापेक्षा मोठी आहे?" ती मायेनंच बोलत होती. पण मला ते पटेना. गावात सातवीच्या पुढची शाळा नाही. इथं पोरगी एकदा घरी बसली की चार महिन्यांत कुणीतरी मावशी, कुणीतरी आत्या स्थळाची गोष्ट काढते. म्हणजे त्या पोरी जे चेष्टेनं म्हणत होत्या ते आम्ही खरंच करून दाखवणार होतो. तिला फळ्यापाशी उभं राहून गणितं सोडवायला आवडायचं. ते सगळं त्या पलंगावर संपणार होतं, असं मला दिसायला लागलं.

मी चूल तशीच सोडली आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. पहिल्यांदा मी भांडले, मग विनवण्या केल्या, मग माझीच वाचा बसली. मग तीच बोलली.

"आई, तुमी सगळे म्हणले ना, हळदीला हात लावू नको, हात खराब होतेत."

"तुझ्यासाठीच म्हणले ना गं."

"व्हय. पण म्हंजी तुमालाबी ते हात घाणच वाटतेत. मंग त्या पोरी काय खोटं बोलून राहिल्या? बराबरच हाये त्यांचं."

मी माझ्या मांडीवरचे माझे हात बघितले. पिवळेधमक, नखांच्या कडा काळपट. याच हातांनी मी रोज तिच्या नखांवर लिंबू चोळत होते. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. शाळेतल्या पोरींनी जे तिला तोंडानं सांगितलं तेच मी तिला घरात, प्रेमानं, रोज संध्याकाळी सांगत होते.

मी म्हणाले, "चुकलं माझं. तुझं काहीच चुकलेलं न्हाई. तुझ्या हाताचंबी न्हाई."

ती म्हणाली, "परत म्हण."

मी परत म्हणाले. तिनं अजून एकदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिनंच माझ्या गळ्यात हात टाकले.

"आता तूच सांग, मी काय करू?" मी विचारलं. "माहीत न्हाई," ती म्हणाली. माझ्या जिभेवर दहा उत्तरं नाचत होती, पण मी ओठ दाबून बसून राहिले. माझ्यासारख्या बडबड्या बाईला याच्याइतकी कठीण गोष्ट नाही. मग हळूहळू तिच्या तोंडून एकेक निघायला लागलं. मॅडमला सांग, पण वर्गासमोर माझं नाव नको. बाक बदलून मिळाला तर बरं. आणि त्या पोरी बोलतात तेव्हा माझ्या तोंडातून शब्दच निघत नाही, त्याचं काहीतरी कर.

शब्दांचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं, हे मला अजून खरं वाटत नाही. त्या दिवशी संध्याकाळी खळ्यात, वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला, त्या गरीब माणसानं टॉवेल ओढणीसारखा डोक्यावर घेतला आणि बेसूर आवाजात मंगलाष्टक सुरू केलं. हातात गवताच्या काड्या घेऊन त्या अक्षता म्हणून उडवत होता. पोरगी आधी अवघडली, मग खो खो हसायला लागली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघितलं. मग तो म्हणाला, "हस, पण आता मला उत्तर दे." तिनं पुटपुटत काहीतरी म्हटलं. "ऐकू आलं न्हाई," बाप म्हणाला आणि पुन्हा गायला लागला. असं बराच वेळ चाललं. मध्येच मीही चिडवणाऱ्या पोरीचं सोंग घेतलं, पण माझं काम जरा जास्तच वठलं आणि लेकराचे डोळे भरले, तेव्हा मला हळदीच्या कंदांच्या ढिगावर बसवून ठेवण्यात आलं. शेवटी ती सरळ उभी राहिली, बापाच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "बस झालं. मला हे आवडत नाही. थांबव." आवाज थरथरत होता, पण शब्द सगळे बाहेर आले. बाप टॉवेल काढून म्हणाला, "असं. इतकंच. पुढं भांडायचं न्हाई, सरळ चालायला लागायचं. आन् मैत्रीण असंल तिच्याजवळ जायचं, नसंल तर मॅडमजवळ."

शाळेत मी एकटी गेले. जाण्याआधी पोरीनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं की मी कुणाला शिव्या देणार नाही. वर्गशिक्षिका बाई चांगल्या होत्या, पण आधी त्याही म्हणाल्या, "मुलं चेष्टा करतात हो, एवढं मनावर नका घेऊ." माझं डोकं फिरायच्या बेतात होतं. मी पदराचं टोक मुठीत आवळलं आणि झालं तेवढंच सांगितलं. परत येणारी भाकरी, उखाणा, अक्षता, स्वेटर. स्वेटरचं ऐकून बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "मला वाटलं हिची तब्येत बरी नसते," त्या म्हणाल्या. ज्या पोरीनं हे सुरू केलं तिच्या घरचा धंदाही हळदीचाच, हे मला गावात कळलं होतं. ते जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढं एक बोलले असते तर मला किती गार वाटलं असतं! पण त्यानं माझ्या लेकीचं काय भलं होणार होतं? मी ते गिळलं आणि परत आले.

बाईंनी त्या पोरींना एकेकटीला बोलावून विचारलं. बाक बदलला, तेव्हा आमची पोरगी पुन्हा जीपमध्ये बसली. मधल्या सुट्टीत काही दिवस बाई स्वतःच वर्गात बसून डबा खायला लागल्या, आणि आमची मुलगी नव्या बाकावरच्या एका अबोल पोरीबरोबर जेवायला लागली. चमचा घरी राहिला. सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं मात्र नाही. दोघींनी हळूच माफी मागितली, तिसरीनं अजूनही मागितलेली नाही. जीपच्या थांब्यावर मध्येच कुणीतरी नवरी म्हणून हाक मारायचं. एकदा ही वळली आणि म्हणाली, "मला हे आवडत नाही." समोरच्या पोरानं खांदे उडवले आणि तो निघून गेला. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

त्या रविवारी ती कुणी न बोलावता खळ्यात येऊन बसली आणि हळकुंडं मोडायला लागली. मी सरकून तिला जागा करून दिली. सोमवारी शाळेत त्या बोटांकडं कोण कसं बघेल, या विचारानं दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. ती संध्याकाळी आली आणि जेवायला मागितलं. डबा रिकामा होता.

आता ती नववीत आहे. या वर्षीची हळद निघायला अजून वेळ आहे. परवा संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, ती चुलीजवळ पाय पसरून बसली होती, आणि मी तिला जे मनात होतं ते विचारलं. "मागच्या वर्षी एवढं सगळं सोसलंस, मला आधीच काहून न्हाई सांगितलंस? मी रोज इचारत होते ना, शाळा कशी झाली म्हणून?"

ती जरा विचार करून म्हणाली, "इचारायचीस. मी म्हणायचे, मस्त. मस्त म्हणलं की तू लगेच कामाला लागायचीस."

मी थापायची थांबले.

"जरा थांबत जा ना, आई," ती म्हणाली. "मस्त म्हणल्यावरबी."

तिनं रागानं म्हटलं नव्हतं. साधं सांगितलं, मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं. तेव्हापासून मी थांबते. ती जीपमधून उतरते, दप्तर टाकते, मी विचारते, ती म्हणते मस्त. तव्यावरची भाकरी करपायला लागते तरी मी तिथंच, पिठाचे हात तसेच धरून उभी राहते. कधी ती म्हणते, "अगं खरंच मस्त, जा की आता!" आणि कधी जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, बोलायला लागते.